सही करण्याआधी: रत्नागिरीतले पाच दिवस

रत्नागिरीला लोक आंब्यासाठी जातात, समुद्रासाठी जातात. मी गेलो ते कंपनीनं पाठवलं म्हणून. जाताना एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती. तिथं कुठल्याही कागदावर डोळे झाकून सही करायची नाही.

असं का, ते आधी सांगतो. तासगावजवळच्या एका शीतगृहात मी बावीस वर्षं ऑपरेटर आहे. आमच्याकडं बेदाणा ठेवतात. खोल्या थंड ठेवायला यंत्रात अमोनिया वायू फिरत असतो, आणि यंत्राच्या तळाशी तेल साचतं. दर सोमवारी व्हॉल्व्ह उघडून ते तेल काढावं लागतं. तेल संपलं की मागून वायू येतो, म्हणून त्या वेळी जागेवरनं हलायचं नसतं. दोन वर्षांपूर्वी माझा जोडीदार तानाजी तेल काढत असताना कुणीतरी हाक मारली आणि तो चार पावलं बाजूला गेला. परत येईपर्यंत वायू सुटला होता. तसाच आत घुसून त्यानं व्हॉल्व्ह बंद केला. जीव वाचला, डावा डोळा गेला. चौकशीत कंपनीनं एक कागद काढला. तानाजी प्रशिक्षित कामगार आहे, ही त्याची सही, म्हणजे चूक त्याची.

ते प्रशिक्षण मला चांगलं आठवत होतं. तानाजीच्या शेजारीच बसलो होतो. हॉटेलचा हॉल, पडद्यावर रंगीत चित्रं, बटाटेवडे, चहा, शेवटी सगळ्यांचा फोटो आणि सह्या. अमोनियाचं नाव निघालं असेल दोनदा.

त्यामुळं 'रत्नागिरी येथे चार दिवसांचे सुरक्षा प्रशिक्षण' असं पत्र हातात पडल्यावर मी ते उलटसुलट करून बघितलं. पाठीमागं काही नव्हतं.

रविवार, आंबा घाट उतरून

कोल्हापूरहून एसटीनं निघालो. मलकापूरपर्यंत ऊस सोबतीला होता. आंबा घाट लागला आणि आपल्याकडचा उघडा माळ, लांबवर दिसणारा रस्ता, सगळं संपलं. दोन्ही बाजूंनी झाडी इतकी आत आलेली की पुढं काय आहे ते वळण घेतल्याशिवाय कळत नाही. साखरप्याच्या पुढं तांबडा कातळ सुरू झाला. घरंसुद्धा त्याच दगडाची, जांभ्याची. माघ महिना होता, कलमांना मोहोर आला होता. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यांना मी विचारलं, "यंदा आंबा कसा काय?" ते म्हणाले, "कसा असायला पाहिजे?" आमच्याकडं द्राक्षाचं विचारलं तर माणूस औषधाच्या फवारणीपासून सगळं सांगत सुटतो. इथं प्रश्नाला प्रश्न.

लॉजवर कंपनीनं एका खोलीत दोघांना टाकलं होतं. खोलीतला दुसरा माणूस आधीच येऊन बसला होता. चोगले त्याचं नाव, राहणार हर्णे. तिथल्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. घरची होडी भावाकडं. त्यानं पिशवीत सुके बोंबील आणले होते आणि खोलीभर तो वास. मला रात्रभर वाटत राहिलं की कुठंतरी काहीतरी गळतंय.

"तुम्हाला का पाठवलं?" मी त्याला विचारलं.

"पाठवलं म्हणून आलो," चोगले म्हणाला. "तुम्हाला?"

सोमवार, मिरकरवाड्याजवळ

प्रशिक्षण बंदराजवळच्या आमच्याच कंपनीच्या मासळी गोठवण्याच्या कारखान्यात होतं. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले आम्ही दहा-बारा जण. पहिल्या रांगेत एकच बाई बसली होती, पस्तिशीची, केसांना घट्ट पिन, समोर जाड वही. ओळख करून देताना म्हणाली, "सुजाता जाधव. गाव नाटे, राजापूर तालुका. इथं कोळंबी सोलायच्या हॉलवर सुपरवायझर आहे."

हॉलवरच्या बाईचं यंत्राच्या प्रशिक्षणात काय काम? माझ्या डोक्यात हा किडा तिथंच शिरला.

शिकवायला मुकादम सर होते. साठी ओलांडलेली, पांढरी आखूड दाढी. आयुष्य जहाजांवर थंडीची यंत्रं सांभाळण्यात गेलेलं. पडदा नव्हता, अंगात कोट नव्हता. टेबलावर एक जुना व्हॉल्व्ह, एक मास्क आणि गंधकाची कांडी.

"मी शिकवणार नाय," ते म्हणाले. "तुम्ही सांगायचं. तुमच्याकडे काय बिघडलेलं आहे? खरं सांगा. खोटं सांगणार असाल तर घरी जा, गाड्या आहेत."

सगळे खाली बघायला लागले. मला काय झालं कोण जाणे. तानाजी डोळ्यांसमोर आला असेल. मी बोलून गेलो, "आमच्याकडं वायू सुटल्याचा भोंगा बंद करून ठेवलाय. सारखा वाजतो म्हणून."

"कुणी बंद केला?"

"मीच केलाय. साहेबांनी सांगितलं म्हणून."

बोललो आणि पहिल्या रांगेतलं पेन चालायला लागलेलं दिसलं. सुजाता जाधवनं मागं वळून विचारलं, "तुमचं नाव काय म्हणालात?"

"माळी. कशाला?"

"लिहिते आहे."

तानाजीचं जे झालं तेच आता माझं होणार. भोंगा कुणी बंद केला, माळीनं. दुपारी जेवायला बांगड्याची आमटी, उकड्या तांदळाचा भात आणि गुलाबी सोलकढी होती. चोगलेनं मला काटा कसा काढायचा ते दाखवलं, तरी एक घशात अडकलाच. पाठीत बुक्के, भाताचे घास, सगळे उपाय झाले. पण माझं अर्धं लक्ष पलीकडं एकटी बसून वहीतच काहीतरी लिहिणाऱ्या त्या बाईकडं.

संध्याकाळी खोलीवर मी चोगलेला म्हणालो, "ती बाई वरच्यांची आहे. आपण काय बोलतो ते पोचवायला बसवलीय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बावीस वर्षं नोकरी केलीय. माणूस ओळखतो मी."

मंगळवार

चोगलेनं ते दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. मंगळवारी वर्गात कुणी तोंड उघडेना. मुकादम सर विचारत राहिले, "मास्कची मुदत कधी संपली? वायू लागला तर अंगावर पाणी घ्यायचा फवारा चालतो का?" सगळे म्हणत होते, चालतो सर, सगळं चालतं. सरांनी दोनदा चष्मा काढून पुसला. प्रश्न विचारत होती ती एकटी सुजाता जाधव. हॉलचा दरवाजा आत उघडावा की बाहेर? सोलणाऱ्या बायका जमिनीवर बसलेल्या असतात, त्यांना उठून पळायला किती वेळ लागतो, ते कोण मोजणार? ती विचारायची आणि उत्तर आलं की लिहायची.

मधल्या सुट्टीत ती चहाचा कप घेऊन आमच्या घोळक्याकडं आली आणि घोळका पांगला. तिनं थोडा वेळ तिथंच उभं राहून चहा प्यायला. मला वाईट वाटलं असं मी आत्ता लिहू शकतो, पण त्या वेळी वाटलं नव्हतं. बरं झालं असंच वाटलं.

बुधवार, मी मेलो तो दिवस

सकाळी सरांनी कारखान्याच्या आवारातून सगळ्यांना फिरवलं. मी नीट बघून ठेवलं. फाटक पूर्वेला, मागची भिंत समुद्राकडं. वारा फाटकाकडून येत होता. वायू सुटला तर वाऱ्याच्या तोंडाकडं पळायचं, हे मला ठाऊक होतं. म्हणजे फाटकाकडं.

दुपारी तीनला, काही न सांगता, भोंगा झाला. सराव होता. सरांनी धूर सोडला होता. मी तीरासारखा फाटकाकडं सुटलो. माझ्यामागं चौघे आले. फाटकाशी पोचतो तोवर धूर आमच्या अंगावरून पुढं गेला. मुकादम सर बाजूनं चालत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माळी, तुम्ही मेलात. आणि या चौघांना घेऊन मेलात."

सुजाता जाधव आणि चोगले मात्र मागच्या भिंतीपाशी, जिन्याच्या बाजूला मजेत उभे होते. धूर त्यांच्याकडं फिरकलासुद्धा नव्हता.

"सकाळी वारा फाटकाकडून होता," मी म्हणालो.

"सकाळी मतलई होती, जमिनीवरनं येणारी," चोगले म्हणाला. "आता खारा वारा हाय, दर्यावरनं. दुपारी फिरतो तो. हे काय कुणी सांगायला लागतं?"

मला सांगायला लागतं. तासगावात समुद्र नाही. पण तेव्हा हे सरळ उत्तर मला पटलं नाही. मला वाटलं, ती याच कारखान्यातली, तिला सराव आधीच ठाऊक होता. चोगलेलाही तिनंच खूण केली असणार. बावीस वर्षांच्या माणसाला सगळ्यांसमोर पाडायचं ठरलेलं होतं.

सगळे चहाला गेले. तिची वही बाकावर होती. मी ती उघडली.

काय मिळालं ते सांगतो. पानावर दोन रकाने होते. डावीकडं 'सरांनी सांगितलं', उजवीकडं 'आपल्याकडे आहे का'. मध्ये मध्ये प्रश्न. आणि एका ठिकाणी माझं नाव. 'माळी, तासगाव. भोंगा सारखा वाजतो म्हणून बंद. खरंच गळती असेल म्हणूनच वाजत असेल का? हे त्यांना विचारायचं राहिलं.'

हा प्रश्न बावीस वर्षांत माझ्या मनात आला नव्हता. भोंगा खोटा वाजतो, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"पुढचंही वाचा," मागून आवाज आला. सुजाता जाधव दारात उभी होती.

मी वही बंद केली.

"नाय, वाचा हो. मला तीन वर्षं अर्ज करून या वर्गात बसायला मिळालंय. भिंतीच्या पलीकडे यंत्र, अलीकडे आमच्या बायका. त्यांतल्या कुणाला बोलावलं नाय. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना हे वाचून दाखवते. सोमवारचं, मंगळवारचं झालं. आज काय सांगू त्यांना, माळीदादा वही चोरून वाचतात म्हणून?"

भाट्ये

त्याच संध्याकाळी आम्हाला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. लांबच लांब वाळू, मागं सुरूची झाडं. भरती चढत होती. मी बूट काढून ठेवले आणि पाण्यात उभा राहिलो. पायाखालून वाळू सरकायला लागली तेव्हा दचकून मागं आलो, तोवर लाटेनं एक बूट नेला. चोगलेनं गुडघाभर पाण्यात जाऊन तो आणला. तो हसत होता, मी नाही.

सुजाता जाधव थोडी लांब वाळूवर बसली होती. मी गेलो. म्हणालो, "चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"तुम्ही वरच्यांना सांगता असं मी चोगलेला म्हणालो होतो."

"ते मला मंगळवारीच कळलं." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "आमचे बाबा शाळेत मास्तर होते. ते नव्या गावी बदलून गेले की पहिले काही महिने लोक असेच बोलायचे थांबत. गावाबाहेरच्या आमच्या वाडीतला मास्तर म्हणजे लोकांना प्रश्न, कुणाकडनं आलाय, कशाला आलाय. मला सवय आहे. पण तुम्ही शुक्रवारी घरी जाल. मला इथंच राहायचं आहे, आणि इथलेही लोक आता माझ्याशी बोलत नाहीत. मला एकटीला 'चुकलं' सांगून काय होणार?"

"मग काय करू?"

"जिथं पसरलं तिथं सांगा."

मी तिला तानाजीचं सांगितलं. डोळ्याचं, सहीचं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "संशय बरोबर आहे तुमचा. माणूस चुकीचा धरलात."

गुरुवार, कागद

सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो. सांगितलं, "जाधवबाईंबद्दल मी जे पसरवलं ते माझ्या मनचं होतं. खोटं होतं. मी त्यांची वहीपण न विचारता उघडली." चोगले मान खाली घालून बसला. मग इथल्याच कारखान्यातल्या एकानं हळूच सांगितलं की त्यांच्या अंगावरच्या फवाऱ्याला पाणीच येत नाही. त्याच्यामागं दुसरा बोलला. सर टेबलावर बसले आणि म्हणाले, "चला, आता शिकूया."

त्या दिवशी शिकलो तेवढं मी कधी शिकलो नाही. गंधकाची कांडी पेटवून पाइपाच्या सांध्यापाशी नेली की अमोनिया गळत असेल तिथं पांढरा धूर धरतो, हे स्वतः करून बघितलं. आणि सरांनी एक छोटा व्हॉल्व्ह दाखवला. तेल काढायच्या जागी तो बसवायचा. आत स्प्रिंग असते. दांडा दाबून धराल तोवरच उघडा. हात सुटला की बंद. तानाजी चार पावलं बाजूला गेला तेव्हा यंत्रावर हा असता तर. मी बराच वेळ तो हातात घेऊन बसलो.

चार वाजता मुख्य कचेरीतल्या एचआरच्या मॅडम आल्या. फोटो काढला, मग फॉर्म वाटले. मी वाचला. 'सर्व सुरक्षा उपाय मला समजले असून यापुढील सुरक्षित कामाची जबाबदारी माझी राहील.' खाली सही.

"मी करणार नाही," मी म्हणालो.

"सगळ्यांनाच करायचीय," मॅडम म्हणाल्या. "सही नसेल तर तुमचं ट्रेनिंग अपूर्ण धरलं जाईल. यंत्रावर काम करता येणार नाही तुम्हाला."

म्हणजे दोन्हीकडून मीच अडकलो. सही केली तर तानाजी, नाही केली तर घरी.

सुजाता जाधव उठली नाही. तिथूनच म्हणाली, "सही करायची, माळीदादा. आपण शिकलो ते खोटं कशाला म्हणायचं? पण सहीच्या वर जागा आहे ना." आणि ती लिहायला लागली. काय शिकवलं, एक दोन तीन. त्याखाली, आपल्याकडे काय नाही, एक दोन तीन. दरवाजा आत उघडतो. फवाऱ्याला पाणी नाही. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी नाही.

मॅडम तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. "हा फॉर्मॅट वरून आलाय. यात बदल चालत नाही."

"बदललं काय मॅडम? खोडलेलं नाय काही. वाढवलंय."

मॅडमनी मुकादम सरांकडं बघितलं. सरांनी खिशातून पेन काढलं. "मी काय शिकवलं ते कागदावर असलेलं मला तरी हवं आहे," ते म्हणाले आणि तिच्या सहीशेजारी आपली सही केली.

मग मी लिहिलं. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह नाही. भोंगा बंद आहे, तो मी बंद केला, साहेबांच्या सांगण्यावरून. सगळ्यांनी लिहिलं नाही. तिघांनी नुसत्या सह्या केल्या. चोगलेनं मात्र पान भरलं आणि मागची बाजू मागितली. प्रत्येकानं आपल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मॅडमनी कागद गोळा केले.

परत आल्यावर

शुक्रवारी घाट चढून आलो, ज्वारीची भाकरी खाल्ली, बरं वाटलं. भोंगा दुसऱ्याच दिवशी चालू केला. तो वाजला. गंधकाची कांडी घेऊन मी एकेका सांध्यापाशी फिरलो आणि तिसऱ्या खोलीच्या मागच्या सांध्यावर पांढरा धूर धरला. बारीक गळती होती, कधीपासून कोण जाणे. भोंगा खोटा नव्हता.

तीन आठवड्यांनी मला पत्र आलं. भोंगा बंद ठेवल्याबद्दल खुलासा करा. पत्र हातात घेतलं आणि माझं मन सरळ रत्नागिरीला गेलं. तिनंच कळवलं. क्षणभर का होईना, मला असं वाटलं. मग साहेबांनी माझाच फॉर्म समोर टाकला. "तुम्हीच लिहून दिलंय, माळी. माझं नाव घालून." तेव्हापासून साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलतात. माझी वार्षिक पगारवाढ त्या वर्षी राहिली, कारण कुणी सांगितलं नाही. पण 'साहेबांच्या सांगण्यावरून' हे शब्द कागदावर असल्यामुळं प्रकरण माझ्या एकट्यावर शेकलं नाही.

सुजाता जाधवला मी फोन केला. तिच्या हॉलचा दरवाजा आता बाहेर उघडतो. फवाऱ्याला पाणी अजून नाही. "परत अर्ज दिलाय," ती म्हणाली. मला क्षणभर तिचा संशय आला होता, हेही मी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत," आणि फोन ठेवला. ती हसली की दुखावली, ते मला कळलं नाही.

मग एक दिवस खोक्यातून स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आला. बसवायच्या आधी मी पाळीवरच्या सगळ्यांना अंगणात बोलावलं. म्हटलं, रत्नागिरीत जे बघितलं ते सांगतो. शिंदे म्हणून आमचा जुना माणूस आहे, माझ्याआधी दोन वर्षं लागलेला. तो हाताची घडी घालून लांब उभा राहिला.

"हे आम्हाला का सांगायलायस?" तो म्हणाला. "वरून काय ठरलंय? शेवटी सह्या घेणार का?"

"नाही घेणार."

"मग तुझा काय फायदा?"

मी त्याच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं. मी व्हॉल्व्ह त्याच्या हातात दिला. "माझ्यावर विश्वास ठेवू नको. दांडा दाब आणि सोड."

शिंदेनं दांडा दाबला. सोडला. खट्ट आवाज झाला. त्यानं व्हॉल्व्ह कानाशी नेला, परत दाबला, परत सोडला. मग पालथा करून त्याच्या तोंडात बघितलं, दुसऱ्या हातानं दाबून बघितला. आम्ही सगळे थांबून राहिलो. त्याला घाई नव्हती, आणि मीही केली नाही.

"तेल काढायला किती वेळ धरून उभं राहायचं?" त्यानं विचारलं, आणि अंगणात पुढं येऊन बसला.